तळघरातला बर्फ

व्हर्ना उनरू स्वयंपाकघरातल्या जमिनीत बसवलेल्या एसीच्या जाळीवर अनवाणी पाय ठेवून उभी होती, आणि जाळीतून हवा अशी येत होती, की कुणी पेंगता पेंगता फुंकर घालावी. गार म्हणावी तर गार नाही, गरम म्हणावी तर तीही नाही. भिंतीवरचा तापमानाचा आकडा ती कालपासून सारखी खाली ओढत होती. आकडा खाली जाई आणि घर आणखी तापे. बाहेर कॅन्ससचा जुलै होता. गव्हाची कापणी उरकलेली, रिकाम्या शेतांवर ऊन थरथरत होतं, आणि त्यात शेजाऱ्यांचं कोठार जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखं दिसत होतं.

आज संध्याकाळी तिचा नवरा ऑर्व्हल घरी यायचा होता. वसंतात त्याला झटका आला, डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून तो शुश्रूषागृहात होता. त्याला घेऊन येणारी नर्स टॅकेट फोनवर स्पष्टच बोलली होती, "घर गार नसेल तर मी त्यांना आल्या पावली परत नेईन, बाई. असला उकाडा त्यांना सोसायचा नाही." दुरुस्तीवाला सोमवारच्या आत यायला तयार नव्हता. अख्ख्या गावाचे एसी एकाच आठवड्यात रुसले होते. शेवटी व्हर्नाने डेन्व्हरला लेकीला फोन लावला. जोलीन एका भाड्याच्या इमारतीचं ऑफिस सांभाळायची. उन्हाळाभर भाडेकरूंची हीच रड ऐकून तिचे कान किटले होते.

"फिल्टर बघितलास?"

"परवाच बदललाय. मला काय अगदीच अडाणी समजतेस?"

"बरं बाई. बाहेरचं यंत्र?"

बाहेर यंत्राचा पंखा फिरत होता. त्याच्या पत्र्याच्या फटींत कॉटनवूडच्या झाडाच्या कापसाळ बियांच्या म्हाताऱ्या गच्च अडकल्या होत्या. व्हर्नाने बागेची नळी धरून त्या धुऊन काढल्या. काही सुटून तिच्याच केसांत जाऊन बसल्या, आणि पांढऱ्यात पांढरं मिसळून दिसेनाशा झाल्या. पण घर काही गार होईना.

"आता तळघरात जा," जोलीन म्हणाली. "हिवाळ्यात घर तापवते ती भट्टी, तिच्यातूनच एसीची तांब्याची नळी निघते ना, ती बघ."

व्हर्ना जिना उतरली आणि तिथेच थबकली. नळीवर मनगटाएवढा जाड, पांढराशुभ्र बर्फ धरला होता. बाहेर झाडांची पानं करपत होती आणि इथे तिच्या पायाखाली, अंधारात, हिवाळा लपून बसला होता. तिला ते इतकं सुंदर वाटलं की क्षणभर ती काळजीच विसरली.

"जोलीन, इथे बर्फ आहे गं."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "आई, खरं सांग. किती जाळ्या बंद केल्यास?"

"रिकाम्या खोल्या कशाला गार करायच्या?"

"किती?"

"स्वयंपाकघरातली उघडी आहे की."

"म्हणजे बाकी सगळ्या? धन्य आहेस! अगं, हवा फिरली नाही की आतली नळी गोठते. त्यात तू आकडा खाली ओढत बसलीस, म्हणजे बर्फावर बर्फ!"

"तुझी आजी आयुष्यभर खोल्या बंद ठेवायची."

"आजीकडे एसी कुठे होता?"

त्या गावात रिकामी खोली गार करणं हे जवळजवळ पाप. चर्चातल्या बायका एकमेकींच्या घरी गेल्या की आधी कुठली दारं लागलेली आहेत ते बघतात, आणि जितकी जास्त लागलेली, तितकी ती बाई गुणाची.

"थंडावा बंद कर, नुसता पंखा चालू ठेव," जोलीन म्हणाली. "सगळ्या जाळ्या उघड, दारंही. बर्फ वितळेपर्यंत घर आणखी तापेल, घाबरू नकोस. तरीही गार झालं नाही, तर आतला गॅस कमी झालाय. मग बाबा आज घरी येत नाहीत, एवढं समज."

व्हर्नाने शिवणाची खोली उघडली, जोलीनची जुनी खोली उघडली. झोपायच्या खोलीपाशी मात्र तिचा हात अडला. बाकीच्या जाळ्या तिने जूनमध्ये बंद केल्या होत्या, काटकसर म्हणून. ही मात्र वसंतातच बंद केली होती, घरात थंडावा लागतही नव्हता तेव्हा. फारशी आशा धरू नका, असं डॉक्टर दवाखान्याच्या व्हरांड्यात हळू आवाजात बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी. पलंगावरची रजई घडी करून कपाटात ठेवली, दार ओढून घेतलं आणि ती स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपू लागली. दर रविवारी ती त्याला भेटायला जात होती, भरवत होती, त्याची नखं कापत होती. पण मनातल्या मनात तिने नवऱ्याला केव्हाच पोचवून टाकलं होतं. दार ढकलताच खोलीतली कोंदट हवा अंगावर आली आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिने गुडघ्यांवर बसून जाळीचा खटका सरकवला.

मग तळघराच्या पायरीवर बसून राहणं, एवढंच उरलं. थेंब पडू लागले. वर घर तापत होतं, लाकूड कुरकुरत होतं. डोळे मिटता मिटता तिला वाटलं, सगळं घरच पाण्यावर निघालंय, खोल्यांची दारं सताड उघडी, खिडक्यांतून म्हाताऱ्या आत येताहेत आणि कुणाच्याही अंगावर न बसता पुढे जाताहेत. त्या घरात ऑर्व्हल कुठेतरी होता. खोकत होता. ती एकेका खोलीत डोकावत होती, आणि तो पुढच्या खोलीत असे.

तिला जाग आली ती शांततेने. थेंब थांबले होते. नळी ओली, उघडीवाघडी. तिने थंडावा सुरू केला आणि जाळीवर हात धरून बसली. बराच वेळ काहीच नाही. "ये ना रे," ती जाळीला म्हणाली, आणि बोटांच्या बेचक्यांतून गार हवा वर चढली.

नर्स टॅकेट आली, भिंतीवरच्या आकड्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाली, आणि ऑर्व्हलला पलंगावर निजवून, औषधं समजावून निघून गेली. एवढीशी "हं," पण व्हर्नाला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"गार... ठलो," ऑर्व्हल म्हणाला. शब्द त्याच्या तोंडातून तुकड्यांनी येत.

व्हर्नाने कपाटातून रजई काढली, त्याच्यावर पसरली, आणि तिथेच काठावर बसली.

"ऑर्व्हल, मी ही खोली बंद करून टाकली होती. मला वाटलं, तू काही आता येत नाहीस."

त्याने चांगल्या हाताने रजईचा काठ चाचपला. 

"मलाही... तसंच," तो म्हणाला.

तिने चपला काढल्या आणि रजई उचलून त्याच्या लुळ्या बाजूला शिरली.