एकशे चाळीसवरचा काटा

कुंभकोणमच्या बसस्टँडमागे मुकुंदराव गाड्यांचे एसी दुरुस्त करत, आणि गॅसच्या बाबतीत हा माणूस सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नसे. सिलिंडर रात्रभर सावलीत निववायचा, सकाळी दाबाचा काटा बघायचा आणि भिंतीवरच्या थर्मामीटरच्या तापमानाला तक्त्यात जो दाब दिला असेल त्याच्याशी तो ताडायचा. काटा तक्त्याच्या वर गेला की भेसळ. हा नियम त्यांनीच गावातल्या मेकॅनिकांना शिकवला होता, गॅस आणून देणाऱ्या चंद्रमौळीलाही.

चंद्रमौळी त्यांचा लहानपणचा मित्र, त्यांच्यासारखाच तंजावरी मराठी. जगाशी दोघं तमिळ बोलत, एकमेकांशी मात्र कधीच नाही.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच एका व्यापाऱ्याच्या भेसळीच्या गॅसने मुकुंदरावांच्या गिऱ्हाइकाचा कॉम्प्रेसर गेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर आठच दिवसांनी, भर दुपारी, चंद्रमौळीने तंजावरच्या बसच्या टपावरून सिलिंडर उतरवला. एक गिरणीवाला आपली गाडी घेऊन ताटकळत होता, संध्याकाळी घरी लग्न होतं. मुकुंदरावांनी स्वतःचाच नियम मोडला आणि तिथल्या तिथे गेज लावला. भिंतीवर चौतीस अंश. तक्ता सांगत होता एकशे पाच पौंड दाब, काटा उभा होता एकशे चाळीसवर.

"राती ठेवून पाहा, मुकुंदा," चंद्रमौळी हळूच म्हणाला.

मुकुंदरावांनी उत्तर दिलं ते तमिळमध्ये, सहा माणसांसमोर. सार, हा धंदा दुसरीकडे करा, म्हणाले. चंद्रमौळी सिलिंडर तिथेच टाकून निघून गेला.

मुकुंदरावांचा काटा म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. दोन महिन्यांत चंद्रमौळीकडून कोणी गॅस घेईना. त्याने दुकान बंद केलं आणि बायकोच्या गावी, सुंदरपेरुमाळ कोयिलला, शेती बघायला गेला.

मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबरातल्या थंडीत बाहेरगावचा एक मेकॅनिक आला. भेसळ कशी दिसते ते दाखवावं म्हणून मुकुंदरावांनी कोपऱ्यातला तोच सिलिंडर ओढला. सव्वीस अंश. तक्त्यात ब्याऐंशी. काटाही ब्याऐंशीवर. त्यांनी गेजवर टिचकी मारली, काटा हलला नाही. मग त्यांना बसचा तापलेला टप आठवला. त्या दिवशी त्यांनी सावलीतला पारा वाचला होता आणि उन्हातला सिलिंडर मोजला होता.

दुसऱ्याच दिवशी ते रेल्वेने सुंदरपेरुमाळ कोयिलला गेले. चंद्रमौळी ओसरीवर भाताचं बियाणं निवडत होता.

"माझें चुकलें, मौळी. तुझा गॅस चोख होता. गावांत सगळ्यांस सांगिटलों मी. तूं परत ये."

चंद्रमौळीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"परवाइल्लै, सार. उक्कारुंगो."

काही हरकत नाही, सार, बसा. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मुकुंदरावांनी पाय तरी धरले असते. मग तो आत गेला आणि बायकोला, नागलक्ष्मीला, कॉफी टाकायला सांगू लागला, मराठीत. ते शब्द कानावर पडले आणि मुकुंदरावांना रडू आवरेना.

कॉफी झाली. चंद्रमौळी त्यांना पोचवायला स्टेशनापर्यंत आला, पिशवीत भोपळाही घातला. गाडी येईपर्यंत मुकुंदराव मराठीत बोलत राहिले, आणि तो दर वेळी तमिळमध्ये उत्तर देत राहिला.