बॅकअपचा वार

पॅनेलचे दार उघडून ती गुडघ्यांवर बसली आणि केबल लावायची जागा हाताने चाचपू लागली. बनवणाऱ्याने ती अगदी तळाशी ठेवली होती, जणू कुणी तिथवर पोहोचूच नये. आत कागदाची बारीक भुकटी साचलेली. केबल बसली, लॅपटॉपवर यंत्राचे नाव उमटले आणि त्याखाली एक ओळ आली. शेवटचे लॉगिन गेल्या गुरुवारी, संध्याकाळी. वापरणाऱ्याचे नाव तिच्या बाबांचे होते.

बाबा हिवाळ्यात गेले. आता कारखान्यातले सगळे पंखे सुरू झाले होते.

तिने केबल काढली, पुन्हा लावली. ओळ तीच.

"काय ताई, सापडलं का काही?"

मागे मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे पाळीप्रमुख. नव्या माणसाकडून पाढे घोकून घ्यावेत तशी यंत्राची बटणे घोकून घ्यायचे, म्हणून सगळा कारखाना त्यांना मास्तर म्हणत असे. बाबांच्या हाताखाली त्यांची अर्धी नोकरी गेली होती.

"नाही," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. जरा घाईनेच मिटला, हे तिचे तिलाच जाणवले.

कागदाच्या या कारखान्यातले प्रत्येक यंत्र एका छोट्या कंट्रोलरच्या सांगण्यावर चालत होते. त्याच्या पोटातला प्रोग्राम पुसला गेला, की उरते ते नुसते लोखंड. म्हणून दर आठवड्याला त्याची प्रत काढून ठेवायची. हे काम बाबा हाताने करत. दर गुरुवारी, पॅनेलमागून पॅनेल, गुडघे टेकत. घरी त्या दिवसाला नावच पडले होते, बॅकअपचा वार. त्या दिवशी बाबांचे ताट झाकून ठेवायचे आणि त्यांच्यासाठी थांबायचे नाही. आता हे सगळे आपोआप व्हावे म्हणून कारखान्याने तिच्या कंपनीला बोलावले होते आणि तिने ते काम मागून घेतले होते. ऑफिसात कुणी कारण विचारले नाही, तेवढेच बरे.

पहिल्याच बैठकीत नवे साहेब, म्हणजे बाबांच्या खुर्चीवर आलेले इंजिनिअर, तिच्यासमोर म्हणाले होते, "मध्यंतरी गुंडाळणीचं यंत्र बिघडलं, अर्धा दिवस कागद फाटत होता. जुन्या साहेबांनी आत काय करून ठेवलंय देव जाणे. आता विचारायचं तरी कुणाला?" ती कोणाची कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. मास्तरांना होते, पण मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. आता मात्र ते वाक्य तिला नव्याने ऐकू येऊ लागले. बाबांच्या नावाने कुणीतरी यंत्रांत शिरत होते. गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येते. तो काही उत्तर द्यायला येत नाही.

चहाच्या सुट्टीत ती मुद्दाम मास्तरांच्या टेबलाशी जाऊन बसली.

"मास्तर, बाबांचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?"

"साहेबांचा? अहो, सख्ख्या बायकोला सांगणार नाही असा माणूस तो."

"मास्तरांना नक्कीच सांगितला नसेल," गुंडाळणीवरचा जाडजूड माणूस म्हणाला. "यांच्या पोटात काही राहतं का!"

"गप रे. तुझ्या पोटात काय राहतं ते दिसतंय सगळ्यांना."

टेबल हसले. हसू ओसरायच्या आत तिने विचारले, "गुरुवारी संध्याकाळी इथे कोण असतं?"

"आम्हीच. सहाचा भोंगा होईपर्यंत."

"आणि बाबा? ते किती वेळ थांबायचे?"

मास्तरांनी कपात पाहिले. "थांबायचे की. कधी असं, कधी तसं."

बाकीच्यांनी एकदमच आपापले चहा संपवले. तिच्या मनात पाल चुकचुकली. बाबांचे गुरुवारी कधी असे नि कधी तसे नसायचे. गुरुवारी ते नऊला घरी यायचे, घड्याळ लावून घ्यावे इतके नेमाने. मास्तर काहीतरी लपवत होते, आणि लपवायचेही त्यांना धड जमत नव्हते.

पुढच्या गुरुवारी ती कंट्रोल रूममध्ये भिंतीला पाठ लावून बसली. तिथून सगळ्यांचे हात दिसत होते. नवे साहेब एका हाताने फोन धरून दुसऱ्याने कपाळ चोळत होते. गुंडाळणीवाला डबा बांधत होता. मास्तर काचेपाशी उभे राहून खाली यंत्रांकडे पाहत होते, हात पाठीमागे. ती मास्तरांच्या हातांवरून नजर हलवत नव्हती.

भोंगा झाला. तिच्या स्क्रीनवर बाबांचे नाव उमटले.

ते नाव पहिल्या यंत्रात शिरले, थोडे थांबले, बाहेर पडले. मग दुसऱ्यात. खोलीतल्या एकाचेही बोट कुठल्या बटणावर नव्हते. मास्तरांचे हात अजून पाठीमागेच होते. तिने लॉगिनचा माग काढला, तर तो इमारतीच्या बाहेर जात नव्हता. तो जिन्याखाली, बाबांच्या जुन्या खोलीत जाऊन थांबत होता.

त्या खोलीत आता रिकामी खोकी रचलेली होती. ती बाजूला सारत ती टेबलापर्यंत गेली आणि वाकली. खाली एक जुना कॉम्प्युटर घुमत होता. त्याला चिकटवलेल्या कागदावर बाबांच्या अक्षरात लिहिले होते, 'बंद करू नये.' एवढी सामानाची हलवाहलव झाली, पण ते अक्षर मोडायची कुणाची छाती झाली नव्हती.

ती गुडघे टेकून बसली. स्क्रीन पुसला. बाबांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम एकेक कंट्रोलर उघडत होता, वाचत होता, प्रत ठेवत होता आणि दार ओढून घेतल्यासारखा बाहेर येत होता. कुठे काही बदलत नव्हता. ज्या कामासाठी तिच्या कंपनीला बोलावले, ते इथे निमूटपणे चालू होते. तिने ताज्या प्रती जुन्यांशी ताडून पाहिल्या. गुंडाळणीच्या यंत्रात बदल झाला होता खरा, पण बाबा गेल्यानंतर, आणि तो नव्या साहेबांच्या नावावर होता.

तिचा श्वास मोकळा झाला. बाबांवर बोट ठेवायची आता कुणाची बिशाद नव्हती. ती जवळजवळ हसली. असेच, सहज, त्यांचे काम डोळे भरून बघावे म्हणून, ती प्रतींच्या यादीत मागे मागे जाऊ लागली. एक वर्ष, आणखी एक वर्ष. यादी संपेना. अगदी पहिली प्रत निघाली, ती दहावीत होती त्या वर्षीची.

तिचा हात थांबला. दहावीत असताना ती स्वतः बाबांचे ताट झाकून ठेवत असे.

"भोंगा झाला की आमच्याबरोबरच निघायचे," दारातून मास्तर म्हणाले. किती वेळ ते तिथे उभे होते कोण जाणे. "केस विंचरून."

"घरी नऊला यायचे."

"हं."

"आणि तुम्ही मला काही बोलला नाहीत."

"काय बोलणार, ताई? आम्हाला वाटलं, घरी ठाऊक असेल. मग तुम्ही त्या दिवशी विचारलंत, तेव्हा कळलं की नाही ठाऊक."

"कुठे जायचे?"

"गेटमधून डावीकडे वळायचे." मास्तरांनी मान खाजवली. "घर तर तुमचं उजवीकडे."

"कधी विचारलं नाहीत?"

"साहेबांना?" मास्तर म्हणाले, आणि ते इतके दचकले की तिने पुढे काही विचारले नाही.

कॉम्प्युटर तिने चालूच ठेवला. कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. गेटबाहेर ती थोडा वेळ उभी राहिली. डावीकडे सायकल दुरुस्तीचे दुकान, एक बंद फाटक, मग रस्ता वळत होता आणि पुढचे दिसत नव्हते. ती उजवीकडे वळली.

घरी आईने पलंगावर बाबांचे कपडे काढले होते, कुणाला तरी द्यायचे म्हणून. शर्ट वेगळे, पँटी वेगळ्या. वाटेतच तिने ठरवले होते की आईला यातले काही कळू द्यायचे नाही.

"गुडघे बघ तुझे," आई म्हणाली. "पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे."

"पॅनेलची भुकटी. बाबांचेही असेच व्हायचे ना?"

"सुरुवातीला व्हायचे." आईने एका पँटीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तेव्हा गुरुवारची पँट घासून घासून माझे हात दुखायचे. मग व्हायचे बंद झाले. तू दहावीत असशील."

ती आईकडे बघत राहिली. आईने वर पाहिले नाही.

"तू विचारलं नाहीस?"

"एकदा पिशवी घेऊन निघाले होते मी. कारखान्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. मनात येऊ नये ते सगळं येऊन गेलं होतं. मग तिथे भाजी घेतली आणि परत आले."

"का?"

"गुरुवारी ते जिना चढताना शीळ घालायचे, आठवतं? एरवी कधी ऐकलीस तू त्यांची शीळ?"

तिला आठवले. अभ्यासाचे पुस्तक, झाकलेले ताट, आणि जिन्यावरून वर वर येणारी ती बेसूर शीळ. कंटाळवाणे काम एकदाचे उरकले म्हणून बाबा खुशीत आहेत, असेच तिला वाटत आले होते.

दोघींनी मिळून उरलेल्या घड्या घातल्या. एक पँट आईने बाजूला, उशीपाशी ठेवली. तिने कुठली ते पाहिले नाही.

"तुझं ते यंत्र बसलं का मग?" आईने विचारले. "आता सगळं आपोआप होईल ना?"

"होईल."

"म्हणजे पुढच्या गुरुवारी वेळेवर येशील."

तिने गुडघ्यावरची भुकटी बोटाने खरवडली. सायकलच्या दुकानापुढे रस्ता वळत होता.

"नाही गं," ती म्हणाली. "उशीर होईल. बॅकअप आहे."

आईने हातातला शर्ट खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिले.

"बरं," ती म्हणाली. "ताट झाकून ठेवते."