पाटी त्यांची, पाणी वस्तीचं

मित्रांनो, आज मी जरा रागातच बोलणार आहे. मी हापशी. सौसर तहसिलीतल्या एका गावच्या बौद्ध वस्तीत उभी आहे. माझा लोखंडी दांडा गुळगुळीत झालाय तो बायांच्या आणि तुमच्यासारख्या लेकरांच्या तळव्यांनी.

मी घडले कारखान्यात, पण इथं आणलं ते देवीदासभाऊंनी. ते विरोधी पक्षाचे विधायक, म्हणजे आमदार. वस्तीला पाणी नाही म्हणून त्र्याऐंशी साली त्यांनी भोपाळच्या विधानसभेत प्रस्ताव आणला आणि चार दिवस सरकारला धारेवर धरलं. शेवटी मंत्री म्हणाले, हापशी देतो, प्रस्ताव मागे घ्या आणि उद्घाटन आमच्या माणसाच्या हातून होऊ द्या. भाऊंनी प्रस्ताव मागे घेतला.

"विकून राहिले का भाऊ तुमी आपल्याले?" त्यांचाच कार्यकर्ता सुखदेव म्हणाला.

"पाटीवर नाव त्यायचं राहू दे, सुखदेव. पाणी कोण्या पार्टीचं नसते."

खोदायच्या दिवशी सत्ताधारी पक्षाचे विनायकराव आले; उद्घाटन त्यांच्याच हातून व्हायचं होतं. "माह्या दारापुढं बसवा. साऱ्यायलेच भरता येईल."

"साऱ्यायले म्हणजे कोणाले?" भाऊंनी विचारलं. "या वस्तीतल्या शांताबाईले तुमच्या दारात किती वेळ उभी ठेवान? नाव घ्या, हार घ्या, फोटो काढा. जागा नाही देत."

म्हणून मी वस्तीत आले. उद्घाटनाला भाऊंना खुर्चीसुद्धा नव्हती. मी आतून धुमसत होते. पण पहिल्या पाण्यानं शांताबाईनं कडेवरच्या लेकीचं तोंड धुतलं, ती खुदकन हसली, आणि मी सगळं विसरले.

दोन वर्षांनी भाऊ निवडणुकीत पडले. हा सरकारला मिळालेला माणूस, असं त्यांच्याच लोकांनी घरोघर सांगितलं. माझंच पाणी पिऊन सांगितलं, मित्रांनो.

पुढच्या मे महिन्यात माझी साखळी तुटली. दांड्याला आतल्या सळईशी जोडणारी वीतभर साखळी. विनायकराव म्हणाले, "देवीदासनं आणली, त्यालेच सांगा." सुखदेव आता पक्षाचा तहसील अध्यक्ष झाला होता. तो म्हणाला, "पाटी विनायकरावची, त्यायलेच सांगा." अठरा दिवस बाया नाल्यात झिरे खोदत होत्या. गढूळ पाण्यानं शांताबाईची लेक आजारी पडली. आणि मी उभी, पायाखाली पाणी असून कोरडी. तो राग अजून उतरला नाही.

शेवटी पडलेले भाऊच सौसरच्या पाणीखात्याच्या साहेबांना अर्ज लिहून दोघांना माझ्यापाशी घेऊन आले. "दोन्ही पार्ट्यायची सही असली तर साहेब टाळणार नाही. मी साऱ्यात खाली करतो."

"करा तुमी," सुखदेव म्हणाला. "मी विनायकरावच्या सहीखाली नाही करत."

"अन् मी याच्या खाली करू का?" विनायकराव उठायलाच लागले.

शांताबाईनं कागद ओढला, शाईत अंगठा बुडवला आणि बरोबर मधोमध टेकवला. "तुमच्या सहीले मान लागते. माह्या लेकीले पाणी लागते. आता करा, एक इकडून, एक तिकडून."

दोघांनी एकमेकांकडे न बघता सह्या केल्या. तिसऱ्या दिवशी सौसरहून मेकॅनिक आला. पोर हळूहळू बरी झाली.

मित्रांनो, मला वेळच्या वेळी ग्रीस द्या, माझ्याभोवती चिखल साचू देऊ नका. आणि मोठे झालात की भांडा, भरसभेत भांडा, भाऊही भांडलेच होते. फक्त आपण भांडतो तेवढ्या वेळात कोण तहानलेलं उभं आहे, ते आधी बघून घ्या.