कुंडलिकच्या वावरावरचा बायकाट

शीलाची कुडी हरवली तेव्हा निम्मे कांदे काढून झाले होते. फाल्गुन सरत आला होता आणि आळ्याच्या शिवारात दुपारी बारालाच जमीन पायाला चटके देत होती. शीलाने उजवा कान चाचपला, तिथे काहीच नव्हतं. तिने नवऱ्याला हाक मारली. कुंडलिक विहिरीकडून तरातरा आला. वाफ्यात शोधणं नाही, विचारपूस नाही. त्याने टोळीतल्या बाराही बायका बांधावर ओळीने उभ्या केल्या.

"कमरेचं सोडा. पिशव्या उलट्या करा," तो म्हणाला.

टोळीची म्होरकी होती अंबाबाई. डिंभे धरणाच्या वर, डोंगरात आहुप्याच्या अंगाला तिची वाडी. भाताची झोडणी उरकली की टोळी घेऊन खाली उतरायचं आणि मृगाच्या आधी परत वर चढायचं, असं ती बावीस वर्षं करत आली होती. त्यातली सहा वर्षं कुंडलिकच्या वावरात. या सहा वर्षांत वावरातली एक पातही तिने न सांगता उचलली नव्हती, आणि हे कुंडलिकला ठाऊक होतं. तरी पहिली झडती तिचीच झाली. तिने कमरेची चंची सोडली. सुपारीची खांडं, तंबाखू, चुन्याची डबी मातीत पडली.

तिच्यामागे इंद्रायणी उभी होती, पाच महिन्यांची गरोदर.

"हिनं पोटावर काय बांधलंय ते बघ गं," कुंडलिक बायकोला म्हणाला. शीला जागची हलेना. तेव्हा तो खेकसला, आणि शीलाने खाली मान घालून इंद्रायणीच्या पोटावरून हात फिरवला. शेजारच्या वावरात कुंडलिकचा चुलतभाऊ सावळेराम पाणी भरत होता. तो खोऱ्यावर हात ठेवून बघत राहिला.

शेवटची अंबाबाईची मुलगी, वैजयंती. ती घोडेगावच्या कॉलेजात बीएच्या पहिल्या वर्षाला होती, वसतिगृहात राहायची आणि सुट्टी मिळाली की आईबरोबर कामाला यायची. तिच्या पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक निघालं.

"इंग्रजी शिकतीस व्हय?" कुंडलिक म्हणाला. "आन् घरचा धंदा ह्यो?" त्याने पुस्तक कांद्याच्या पातीच्या ढिगावर भिरकावलं.

कुडी सापडली नाही. टोळीला त्याच पावली वावराबाहेर काढलं. आळेफाट्यापर्यंत अंबाबाई टोळीच्या पुढे चालत राहिली. मात्र त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास नीट उतरेना.

पंधरा दिवसांनी फाट्यावर तिला शीला दिसली. पेठेला कुणाचं तरी लग्न होतं, नवराबायको नटूनथटून जीपची वाट बघत होते. शीलाच्या दोन्ही कानांत कुड्या होत्या. अंबाबाई सरळ समोर जाऊन उभी राहिली.

"सापडली का, ताई?"

शीलाचा हात कानाकडे गेला. "पिठाच्या डब्यात," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याच दिशी. मी ह्यांना म्हणलं व्हतं, जाऊन बायांना सांगून या..."

"सापडली ना? मग झालं की!" कुंडलिक मध्येच बोलला. "आता काय टोळीला हारतुरे घालू?"

आजूबाजूचे चारजण हसले. जीप आली, नवराबायको चढून निघून गेले.

टोळी फाट्यावरच्या एका गॅरेजमागे पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. चैत्रातल्या एका सुट्टीच्या दुपारी बायका धुणं वाळत घालत होत्या आणि वैजयंती परीक्षेचं वाचत बसली होती. वाचता वाचता ती एकदम थांबली.

"आये, बायकाट म्हंजी काय ठावं हाय का तुला?"

अंबाबाईला शब्द ठाऊक होता. वाडीला रस्ता मिळाला नव्हता तेव्हा शाळेच्या भिंतीवर 'मतदानावर बायकाट' असं रंगवलं होतं. "त्यात काय? बायकांनी एखाद्याचा काटा काढायचा, त्यो बायकाट," ती म्हणाली.

वैजयंती पोट धरून हसली. "त्यात बायका कुठून आल्या? इंग्रजी शब्द हाय त्यो. माणसाचं आडनाव."

"मंग त्यो टीव्हीवर क्रिकेट सांगणारा गोरा का?" अंबाबाईचा नवरा कुशाबा दारातून म्हणाला.

"त्यो न्हाई, आबा. सव्वाशे वर्सांमागचा दुसराच." आणि तिने पुस्तकात होतं ते सांगितलं. आयर्लंड नावाचा देश. तिथे एका बड्या जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन बायकाट. कुळांना जमिनीवरून हुसकवायला निघाला. मग सगळ्यांनी एका विचाराने त्याचं काम सोडलं. पीक काढायला मजूर नाही, घोड्यांना बघायला माणूस नाही, दुकानदार सामान देईना, टपालवाला टपाल आणीना. कुणी अंगाला हात लावला नाही, नुसतं कुणी त्याच्याकडे बघेना.

अंबाबाईने पिळलेलं लुगडं तसंच हातात धरलं होतं. "पीक कुजलं का त्याचं?"

"बाहेरून माणसं आणली, आन् त्यांच्या राखणीला पलटण. पीक निघालं, पर पिकापरीस खर्च कितीतरी पट झाला. मंग त्यो देश सोडून गेला. जातानासुदिक गाडी हाकायला कुणी मिळंना, लष्कराच्या गाडीतून न्यावं लागलं. तवापासून असं कुणाला टाकलं की त्याचंच नाव घेत्यात."

"आपल्यात वाळीत टाकत्यात तसंच हे," कुशाबा म्हणाला.

"तसं न्हाई." अंबाबाईची मावशी वाळीत पडून मेली होती, तिला ते जवळून माहीत होतं. "वाळीत म्होरकं टाकत्यात, आन् मरतो गरीब. हे उलटं हाय."

इंद्रायणी दोरीशी उभी राहून ऐकत होती. "मंग नाव त्याचं कशाला ठिवलं? ज्यांनी केलं त्यांचं ठिवायचं," ती म्हणाली.

त्या दिवशी अंबाबाई पोटभर जेवली.

कुंडलिकचे तीन एकर टोमॅटो होते. वैशाख अखेर पहिला तोडा यायचा. फाट्यावर सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. शेतकरी पिकअप घेऊन येतात आणि टोळ्या उचलून नेतात. अंबाबाई अड्ड्यावरच्या एकेका टोळीकडे गेली. भाषण तिला येत नव्हतं. ती इंद्रायणीला शेजारी उभी करायची आणि कुंडलिक काय बोलला ते जसंच्या तसं सांगायची. ऐकणाऱ्या बाईची नजर इंद्रायणीच्या पोटावर जायची, की काम झालं.

कुंडलिक आला. "बारा बाया पायजेत," तो गाडीतूनच म्हणाला. कुणी मान वर केली नाही. त्याने मजुरीचा रोज वाढवून सांगितला. बायका मिसरी घासत राहिल्या.

"अंबे, काय चाललंय?"

"बायकाट."

तो मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी हसला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पारनेरकडून टेम्पोभर टोळी आणली. त्यांचा मुकादम सोमाजी नावाचा म्हातारा माणूस होता. टोळी फाट्यावर चहाला थांबली, तिथे अंबाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. सोमाजीने सगळं ऐकून घेतलं. टेम्पो वावरात गेला खरा, पण दुपारच्या आत त्या बायका भरलेली क्रेटं तिथेच ठेवून रस्त्याला लागल्या.

मग अंबाबाईने मुद्दाम सावळेरामच्या वावरातलं काम धरलं, बांधाला बांध लागून. तिथून तिला सगळं दिसायचं. तीन एकर लाल झाले. मग फळं चिरली, खाली गळली, आणि उन्हात आंबूस वास सुटला. कुंडलिक, शीला आणि त्यांची शाळकरी पोरगी प्राची सकाळपासून तोडत. तिघांनी तीन एकर कुठे उरकतात? एक कोपरा तोडेपर्यंत दुसरा नासायचा. कुंडलिक पाठीवरून क्रेट वाहताना बांधाला अडखळून पडला तेव्हा अंबाबाईने हातातलं काम थांबवलं आणि तो उठेपर्यंत डोळे भरून पाहिलं. तिला बरं वाटलं. असं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आपण पोट भरायला आलोय," कुशाबा रोज म्हणायचा. "बड्या लोकांशी वैर परवडायचं न्हाई."

"तुमची कंबर सोडाया लावली न्हाई त्यानं," ती म्हणायची.

एका दुपारी सावळेराम स्वतः गुळाचा चहा घेऊन आला. "अंबाबाई, लई झ्याक केलंत," तो हळू आवाजात म्हणाला. "फार माजला व्हता त्यो. हे असंच फुडल्या सालीबी चालू ठिवा. काय लागंल ते मला सांगा."

अंबाबाईने चहा खाली ठेवला. "भाऊ, त्या दिशी तुमी हितंच खोरं धरून हुबं व्हता ना?"

"व्हतो की."

"आन् तोंडातून सबुद निघाला न्हाई तुमच्या." ती उठली. "चला गं."

टोळीने त्याचंही वावर सोडलं, भर तोडा चालू असताना.

दोन दिवसांनी कुंडलिक अड्ड्यावर आला तो पायी. चार माणसांत तो म्हणाला, "चूक झाली माजी. कुडी घरातच व्हती. आता सोडा."

"हितं न्हाई," अंबाबाई म्हणाली. "बांधावर."

सगळी टोळी गेली. इंद्रायणीला आता चालताना धाप लागत होती, तरी ती आली. बाराजणी बांधावर जिथे उभ्या केल्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि समोर कुंडलिक.

"खिसं उलटं करा, मालक," अंबाबाई म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. शीला विहिरीपाशी उभी होती, प्राची तिच्यामागे. त्याने सदऱ्याचा खिसा उलटा केला. डायरी पडली, पेन पडलं. मग पायजम्याचे खिसे. रुमाल, तंबाखूची पुडी, मोटारीची किल्ली.

"कमरेचं."

त्याने करगोट्याला बांधलेली किल्ली दाखवली.

"झालं?" तो म्हणाला. "आता लावा बाया. अजून निम्मा माल हाती लागंल."

"झालं," अंबाबाई म्हणाली आणि वळली.

"अंबाबाई! तू म्हणालीस म्हणून मी..."

"दाखवा म्हणलं व्हतं. तोडते म्हणलं नव्हतं."

वाटेत वैजयंती आईला आडवी आली. "आये, हे बरं न्हाई. त्यानं माफी मागितली."

"माल कुजाया लागल्यावर मागितली. कुडी सापडली तवा मागायची व्हती."

"मंग आता आजून काय पायजे तुला?"

अंबाबाईने विचार केला. खरं म्हणजे तिला काय पाहिजे होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. "कुजू दे," ती म्हणाली.

मृगाच्या तोंडाला कुंडलिकने उभ्या टोमॅटोत नांगर घातला. टोळी तेव्हा एसटीने वर निघाली होती. खिडकीतून ते वावर दिसत नव्हतं, तरी अंबाबाई त्या बाजूला बसली.

पुढची तीन वर्षं कुंडलिक अड्ड्यावर फिरकला नाही. त्याने ऊस लावून पाहिला, मका लावून पाहिला. इंद्रायणीला मुलगी झाली. वैजयंती बीए होऊन आश्रमशाळेवर लागली. अड्ड्यावर एखादा मालक वाकडं बोलला की बायका एकमेकींना म्हणायच्या, "ह्याचा कुंडलिक करायचा का गं?" पहिल्यांदा हे वैजयंतीच्या कानावर आलं तेव्हा ती हसली नाही.

चौथ्या वर्षी शीला अड्ड्यावर आली, एकटी. कानांत साध्या रिंगा होत्या.

"टोमॅटो लावलेत, अंबाबाई. मीच लावलेत. सातबाऱ्यावर आता माजंबी नाव हाय." ती थांबली. "त्या दिशी मी हात फिरवाया नको व्हता. ह्यांनी मारलं असतं तरी."

अंबाबाईने इंद्रायणीकडे पाहिलं. इंद्रायणीने मान डोलावली.

"येतो आमी," अंबाबाई म्हणाली. "पर मालक वावरात दिसायचं न्हाईत. बांधावरसुदिक न्हाई. दिसलं की आमी उठलो."

"बरं," शीला म्हणाली.

तेव्हापासून तोड्याच्या दिवशी कुंडलिक सकाळीच घरातून निघतो आणि आळेफाट्यावर हॉटेलच्या बाकड्यावर येऊन बसतो. नाशिकची गाडी येते, नगरची जाते. ओळखीचा कुणी विचारतो, "राव, आज तोडा ना तुमच्याकडं? तुमी हितं कसं?" तो आणखी एक चहा सांगतो. दिवेलागणीला शेवटची पिकअप नारायणगावच्या मार्केटला गेली की मगच घरी जातो.