पाळण्याची पोर

मस्कतच्या घुब्रा भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची सकाळ. विशाखा घावनं घालत होती आणि अकरावीतली यशश्री बापाला चीनचा इतिहास समजावत होती.

"पप्पा, तिथे ऑल द लँड थोड्याच लोकांकडे. मग टेनंट... कुळं ना? ती धान्य द्यायची. नाही जमलं तर मुलगी द्यायची, मालकाच्या घरी कामाला."

"काय माणसं म्हणायची ती!" रमण हळहळला. "पोटची पोर द्यायची?" आणि त्याने आणखी एक घावन मागितलं.

रमण एसी दुरुस्त करायचा. ओव्हरटाइमसाठी अर्बाबशी, म्हणजे अरब मालकाशी, असा भांडायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं कंपनी याचीच. पण फोनवर जितेश खोतांचं नाव उमटलं आणि तो उठून उभा राहिला. चपलासुद्धा काढल्या.

रत्नागिरीकडच्या त्याच्या गावात जमीन सगळी खोतांची. कावळा खोतांच्या फांदीवरून उडाला तरी बसायचा खोतांच्याच फांदीवर. कूळकायदा आला होता म्हणतात. घाट उतरताना त्याला गाडी लागली असावी, गावात काही पोचला नाही. कुळांची घरंही खोतांच्याच जमिनीवर. रीत अशी, की खोतांकडे बाळ जन्मलं की पाळणा हलवायला कुळाची पोर जायची, बिनपगारी. खोतांची मुलं मुंबई-पुण्याला पांगली, तशा पोरीही मागोमाग जाऊ लागल्या. जितेश तर मस्कतातच होता, मदिनत सुलतान काबूस या बड्यांच्या वस्तीत.

"रमण, मुलगा झाला बरं का! आईसाहेब म्हणतात, या खेपेला तुमचं घर. मुलीला पाठवून दे. उष्टावणापर्यंतच."

"हो दादा. मोठेपणा तुमचा."

विशाखा उलथनं घेऊनच बाहेर आली. "तिची परीक्षा आहे! आणि इथं कसले खोत नि कसली कुळं?"

"आई तिकडं एकटी आहे. तिच्या घराखालची जमीन कुणाची, विसरलीस?"

"मग मघाशी त्या चिन्यांना कशाला नावं ठेवत होतात?"

यशश्रीने गावी आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि अडखळत सगळं सांगितलं.

"जितेशच्या बापसाचा पाळणा मीच हलवला," गंगुबाई म्हणाली. "नऊ वर्षांची होते. उष्टावणापर्यंत म्हणून नेलं, सोडलं ते लगीन ठरल्यावर. त्याला पाटी आली, ती पुसायचं काम माझं. रमण्या, माझ्या घरापायी पोर दिलीस तर त्या घरात मी पाणी पिणार नाय."

रमणने जितेशला फोन लावला. या वेळी बसून. "दादा, मुलगी येणार नाही. खलास."

जितेशकडे पगारी बाई आली. ती काय, केव्हाही मिळाली असती. गावात मात्र गंगुबाईची भांडी अंगणात आली आणि दाराला खोतांचं कुलूप लागलं. शेजाऱ्यांनी दारं ओढून घेतली. त्यांच्या तरी उंबऱ्याखालची जमीन कुणाची होती? अख्ख्या गावात खोतांची नसलेली जागा एकच, एस.टी.चा थांबा. म्हातारी तिथं जाऊन बसली.

मिळेल त्या विमानाने रमण पोचला. "आई, चल मस्कतला."

"नाय येत. पोरीला खोतांकडं सोडायला निघालेला प्रत्येक बापूस इथनंच गाडी धरतो. धरू दे पोरीचा हात, आणि जाऊ दे माझ्यासमोरनं. बघते, कोण जातो."