शनिवार निभावणारा कूलर

"पाणी आणि वीज एकाच डब्यात? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" लीयाबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढचं सांगूनही टाकलं, "पेणला चाललायस तर पोहे आण. पातळ. मागच्यासारखे जाडे आणलेस तर तूच खात बस."

एझ्रानं मान डोलावली आणि बाइक बाहेर काढली. आईनं पीसीच्या कूलरला सरळ नाही म्हटलं नव्हतं, तेवढं त्याला पुष्कळ झालं.

प्रकरण तसं साधं होतं, पण गळ्याशी आलेलं. एझ्रा अष्टमकर रोह्याला, अष्टमीतल्या घरात बसून मुंबईच्या एका स्टुडिओचं काम करायचा. तिकडे मुलांसाठी कार्टून बनत. शुक्रवारी दुपारी तिकडून प्रसंग यायचे आणि एझ्राच्या पीसीनं त्यातली एकेक चौकट उजेड-सावलीसकट तयार करून रविवारी सकाळी परत द्यायची. याला रेंडर म्हणतात, आणि त्यात पीसीचा प्रोसेसर असा तापतो की काही विचारू नका.

आता शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ म्हणजे शब्बाथ. अष्टमकरांच्या घरात शुक्रवारी आईनं दिवे लावले की शनिवारी तारे दिसेपर्यंत कुणाचा हात बटणाला लागत नाही. चालू आहे ते चालू, बंद आहे ते बंद. या ज्यू मंडळींना गावोगावी शनिवार तेली म्हणायचे, त्या काळापासून शनिवारी तेलाचा घाणासुद्धा फिरला नव्हता, तिथे एझ्राचा पीसी कोण लागून गेला? दिव्यांआधी लावून दिलेलं काम आपलं आपण चालत राहिलं तर आईची ना नव्हती. पण मध्येच तापून बंद पडलं तर? दोनदा तसंच झालं होतं. दोन्ही वेळा शनिवारी भर दुपारी पीसीनं मान टाकली आणि एझ्रा काळ्या पडद्यासमोर संध्याकाळपर्यंत चडफडत बसला. मग त्यानं एक दांडगा पंखा आणून बसवला. त्याच्या घरघरीनं आईच्या प्रार्थनेचा असा विचका झाला की पुढच्या शुक्रवारच्या आत तो पंखा माळ्यावर गेला.

स्टुडिओतला जितेश माणूस चांगला, पण त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं. "एझ्रा, तिसऱ्यांदा चालणार नाही हं," त्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं. "या खेपेचं काम रविवारी हातात पडलं तर पुढची अख्खी मालिका घरून कर. नाही पडलं तर मुंबईला ये आणि इथल्या मशीनवर बस."

एझ्रानं मुंबईला जायचं म्हणजे आई घरात एकटी. आणि थोरली बहीण डेबोरा तर टपूनच बसली होती. ती इस्रायलला, अश्दोदमध्ये. दर फोनला तिचं एकच, "आई, इकडे ये. खोली तयार आहे." आणि आईचंही दर वेळी एकच, "बघू." तो 'बघू' कानावर पडला की एझ्रा उठून बाहेर जायचा. आळीतली किती घरं अशी 'बघू, बघू' करत रिकामी झाली होती! आपल्या दाराला कुलूप लागू द्यायचं नाही, काय वाट्टेल ते होवो, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आईच्या मनात काय आहे ते मात्र त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं आणि ती "जाऊ या" म्हणाली तर काय घ्या.

पेणला रामवाडीत सावनीचं कॉम्प्युटरचं दुकान. कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि जिभेला हाड नाही. तिनं एक लांबडं खोकं काउंटरवर आपटलं.

"हा घे लिक्विड कूलर. हा पंप प्रोसेसरवर बसतो. आतलं पाणी उष्णता उचलतं, या नळ्यांतून जाळीत नेतं, जाळीला लावलेले पंखे पाणी गार करतात, आणि ते परत येतं. सगळं कंपनीतूनच भरून, बंद करून आलंय. तुला थेंब घालायचा नाय की काढायचा नाय."

"फुटला तर?"

"तर माझ्या नावानं शिमगा कर! अरे, वापरून बघ, पारखून घे. नाही पटला तर खोक्यासकट परत आण. पण एक ऐक. नेटवर ते एसीत बसून आकडे सांगतात, त्यांच्या नादी लागू नको. तुझ्या घरात, तुझ्या उकाड्यात आणि तुझ्या आईच्या कानांपुढे पारख."

हे एझ्राला मनापासून पटलं. पोह्यांची पुडी डिकीत, खोकं पुढ्यात, असा तो नागोठण्यावरून खड्डे चुकवत घरी आला.

पहिल्याच दिवशी घोटाळा. आवाज खाली राहील म्हणून त्यानं जाळी पीसीच्या डब्याच्या तळाला बसवली. सुरू केल्यावर आतून बुडबुड, गुडगुड. लीयाबाई शिवणयंत्रावरून म्हणाल्या, "पोट बिघडलंय त्याचं. ओवा दे."

एझ्रानं सावनीला फोन लावला. ती खो खो हसली. "शहाणाच आहेस! पाण्यात थोडी हवा असतेच, ती वर चढणार. तुझा पंपच सगळ्यांत वर, मग ती त्यात जाऊन बसली. जाळी छताला लाव, म्हणजे हवा तिथे वर गप्प पडून राहील."

त्यानं सगळं उसकटलं, प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली, जाळी डब्याच्या छताला ठोकली. आता पंखे गरम हवा वरच्या भोकांतून बाहेर टाकत होते. गुडगुड बंद. ज्या प्रसंगाला आधी पीसीनं दोनदा दगा दिला होता, तोच त्यानं पुन्हा चालवला, तोही दुपारी, खिडक्या लावून, शेजारी गॅस पेटलेला. नळ्यांच्या सांध्यांखाली टिपकागद घातला, ओल येते का बघायला. कागद कोरडा राहिला. पंपावर तापमानाचा आकडा दाखवणारी छोटीशी पाटी होती, तो आकडा सत्तरच्या आसपास घुटमळला आणि तिथेच थांबला. एवढ्यावर दुसरा कुणी खूश झाला असता. एझ्रानं तेच दुसऱ्या दिवशी केलं, आणि तिसऱ्याही.

"चालू हाय का बंद?" आईनं शेवटी विचारलं.

"चालू आहे."

"मग बरा हाय." लीयाबाईंच्या तोंडून 'बरा' निघणं म्हणजे शालजोडी मिळाल्यासारखंच. तरी एक खोट त्यांनी काढलीच. पंपाभोवती आणि पंख्यांना रंगीत दिवे होते, लाल, निळे, जांभळे, सारखे पळणारे. "ही कुणाची वरात? शब्बाथला माझ्या दिव्यांशेजारी असला तमाशा नको."

"बंद करतो," एझ्रा म्हणाला आणि त्यानं ते बंद केलेही.

शुक्रवारी दुपारी काम आलं, नेहमीपेक्षा जड. ते लावण्याआधी पीसी एकदा बंद करून चालू करावा लागला. एझ्रानं रेंडर सुरू केला, आकडा स्थिर झालेला बघितला आणि तो आंघोळीला पळाला. पीसी चालू होताना दिवेसुद्धा पुन्हा पेटलेत, हे त्या गडबडीत त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा टेबलावर शब्बाथचे दिवे लागले होते, मनुकांचं सरबत पेल्यात ओतलं होतं, आणि कोपऱ्यातल्या पीसीवर पांढराशुभ्र कपडा घातलेला होता. आईनं सणासाठी शिवलेला, अस्तर लावलेला, चारी बाजूंनी खाली आलेला.

एझ्रा तसाच कोपऱ्याकडे धावला. "आई! हवा वरून बाहेर पडते गं त्याची!"

"मला काय ठाऊक? दिवे बंद करतो म्हणालास, आणि इथं नाच चाललेला. माझे दिवे लावायच्या आधीच झाकलं मी."

शब्बाथच्या टेबलावर भांडायचं नसतं. कपडा ओढून काढायला क्षणही लागला नसता, पण एझ्रानं हात मागे घेतला. आज कपडा काढला की उद्या बटण, आणि परवा 'एवढं काय त्यात'. तो स्वतःला चांगला ओळखून होता. या घरात राहायचं तर या घरासारखंच राहायचं, नाहीतर एवढा आटापिटा कशासाठी? रात्री गारवा असेल, निभेल, असं म्हणत तो झोपला.

रात्र निभली. पण दुपारी ऑक्टोबरचा उकाडा असा काही चढला की पत्र्यावर पापड भाजावेत. जेवणं झाली आणि कपड्याखालून पंख्यांचा आवाज यायला लागला. आधी कुजबुज, मग घरघर. बाजूच्या काचेतून येणारा आकडा अस्तरातून पुसट दिसत होता. ऐंशी गेले. मग पंच्याऐंशी. एझ्रा खुर्चीत मुठी आवळून बसला. अख्खा आठवडा पारखून घेतलेला कूलर, त्यात तसूभर खोट नाही, आणि बुडणार कशानं, तर आईच्या कपड्यानं!

लीयाबाईंनी प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर ठेवलं. "हा आवाज कसला? परवा नव्हता."

"हवा कोंडलीय. पंखे धावताहेत."

"मग?"

"मग काय, बंद पडेल." आता त्याच्यानं राहवेना. "बंद पडेल, मी जाईन मुंबईला आणि तू जाशील डेबोराकडे. सुटलीस एकदाची!"

आईनं त्याच्याकडे असं बघितलं की बोललेला शब्द त्याला तिथल्या तिथे गिळावासा वाटला. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली, कोपऱ्यात गेली, कपड्याची दोन टोकं धरून तिनं तो उचलला, झटकला, त्याची चौघडी केली आणि कपाटात ठेवला. कोंडलेली गरम हवा भसकन वर आली.

"आई, शब्बाथ आहे! मशीनला हात..."

"मशीनला कुठं लावला? कपडा माझा हाय. मी शिवला, मी घातला, मी काढला. नाचू दे तुझे दिवे." आणि पुस्तक उघडून ती जिथे थांबली होती तिथून पुढे वाचायला लागली.

घरघरीची कुजबुज झाली, मग तीही विरली. आकडा नव्वदच्या अलीकडून मागे फिरला आणि सत्तरवर येऊन बसला. लाल, निळे, जांभळे दिवे संध्याकाळपर्यंत मनसोक्त नाचले, आणि लीयाबाईंनी एकदाही मान वर करून बघितलं नाही.

रविवारी सकाळी काम पुरं झालं. एझ्रानं ते पाठवलं आणि सावनीला कळवलं, "कूलर ठेवतोय. पारख पुरी झाली. गिऱ्हाइकांना सांग, डब्याच्या छतावर मोकळी जागा सोडा, आणि आईला आधी विचारा." मग जितेशच्या उत्तराची वाट बघत तो स्वयंपाकघरात आला.

आई भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं आणि साखर कालवत होती. शेजारी वेलदोडा कुटलेला, ताटात फळं चिरून मांडलेली. हा मलिदा होता. संदेष्टा एलियाहू हन्नाबीचा नवस फेडायचा असला की घरात मलिदा होतो, एरवी नाही.

"कुणाचा नवस?"

"माझा. तू पेणला निघालास त्या सकाळी बोलले. मशीन शनिवार निभावू दे, म्हटलं, माझं पोर घरात राहू दे. म्हणून तर पोहे मागवले."

एझ्रा तिच्या शेजारी बसला. "मग डेबोराला दर वेळी 'बघू' कशाला म्हणायचीस?"

"नाय म्हटलं असतं तर रडली असती ती. आणि तुला राहा म्हटलं असतं, तर माझ्यापायी राहिला असतास. तसं राहिलेलं मला नको होतं. तुला हवंय का नाय, ते मला बघायचं होतं." तिनं साखरेचा हात पदराला पुसला. "आठवडाभर बघितलं. पुरे झालं."

त्याचे डोळे भरून आले. "आणि एवढा नवस बोलून तूच झाकलंस ना ते!"

"मग तू सांगायचं नाय? आणि नवस बोलले म्हणून हात बांधून बसू काय?"

एझ्राच्या खिशातला फोन थरथरला. जितेशनं लिहिलं होतं, काम मिळालं, झकास झालंय, पुढचं शुक्रवारी पाठवतो. एझ्रा ते मोठ्यानं वाचतोय तोवर आईचा फोन वाजला. अश्दोदहून डेबोरा. लीयाबाईंनी तो कान आणि खांद्यामध्ये धरला, दोन्ही हात पुन्हा परातीत घातले आणि पलीकडचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "नाय येत मी. ती खोली तुझ्या पोरांना दे अभ्यासाला. आणि आता ठेव, मलिदा कालवायचा राहिलाय माझा."