उसनी जीभ

आमच्या जावयाला वाइन चाखण्याचा पगार मिळतो, हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोकांना तो अभिमान वाटतो. प्रत्यक्षात तो निव्वळ मत्सर असतो. मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी केली, आणि तिथे साधं पाणी चाखून बघा असंही मला कुणी कधी म्हणालं नाही.

त्या थंडीत जावयाला सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास आणि चव दोन्ही बरोबर घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत; कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नेमक्या त्याच आठवड्यात त्याच्या मालकांनी एक उंची फ्रेंच लाल वाइन मागवली आणि जावयाने ती आपल्यासमोर बसून पारखावी असं फर्मान काढलं. त्यांना संशय आलाच होता. या खेपेला चुकला तर नोकरी गेली, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"बाबा, तुम्ही जा बरोबर," मुलगी म्हणाली. "तुम्ही चाखा आणि मोठ्याने बडबडा. हा तेच धंद्याच्या भाषेत सांगेल."

"तुमची बडबड कुणाच्या तरी उपयोगी पडणार म्हणायची," आमच्या सौभाग्यवतींनी आशीर्वाद दिला.

मालकांच्या खोलीत भरपूर उजेड होता. पांढऱ्याशुभ्र टेबलावर पेले, ब्रेडचे तुकडे आणि थुंकायला एक चकचकीत भांडं. एवढी महागडी वस्तू मागवायची आणि थुंकून टाकायची, ही पद्धत मला फार ओळखीची वाटली. आमच्या कचेरीत योजनांचं असंच होई.

जावयाने पेला तिरका धरून रंग पाहिला. रंगाला नाक लागत नाही, त्यामुळे तेवढं तो ऐटीत म्हणाला, "कडेला विटकरी छटा आलीय. चांगली मुरलीय."

मी एक घोट घेतला आणि पाहुण्याला शोभेल इतपत अज्ञान दाखवत उद्गारलो, "अरे वा! हिला तर शिसपेन्सिल तासल्यासारखा वास येतोय!"

"देवदाराचं लाकूड," जावई गंभीरपणे म्हणाला. "मिश्रणात कॅबर्ने जातीची द्राक्षं जास्त असणार."

"आणि मध्येच कसं मऊ लागतं, आलुबुखाराच्या मुरंब्यासारखं!"

"तो मर्लो द्राक्षांचा गुबगुबीतपणा. कॅबर्नेचा ताठा त्याने सांभाळलाय."

मालकांनी मान डोलावली. मलाही मजा येऊ लागली. इतकी वर्षं मी लिहिलेल्या टिपणाचं साहेबांच्या सहीने काय होतं ते पाहत आलो होतो. हे त्याहून सुबक होतं.

मी तिसरा घोट घेतला. तो जिभेवर घोळवत असताना शेवटी अगदी टोकाला काहीतरी कडवट उमटलं, आणि त्याला काय म्हणावं याचा मी विचार करत होतो.

"संत्र्याची साल," जावई म्हणाला.

तेच होतं ते. पण मी अजून तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याचा पेला टेबलावर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग कुणीतरी बटण बंद करावं तशी माझ्या तोंडातली ती चव गेली. मी घाईघाईने ब्रेडचा तुकडा चावला. टीपकागद चावल्यासारखं वाटलं.

"ब्रेडला जवस लावलंय," जावई पुटपुटला.

"ब्रेडचं सोडा," मालक म्हणाले, "वाइनचं बोला."

"डोळे मिटून साठा करून ठेवा, साहेब," तो हसत सुटला. "अजून पुष्कळ वर्षं ही वाइन सुधारतच जाईल!"

नोकरी वाचली, वर बढतीही मिळाली. घरी परतताना तो एकसारखा म्हणत होता, "आली परत, बाबा, आली!"

"कुठून?" मी विचारलं. त्याला तो विनोद वाटला.

घरी मी सूपचा पहिला चमचा तोंडात घातला, तर हात धुता धुता न्हाणीघरातून तो ओरडला, "आई, मीठ विसरलात!" वासावरून ओळखलं म्हणून सासू जावयावर खूश झाली.

आम्ही दोघं यावर कधी बोललो नाही. एका टेबलावर बसणाऱ्या दोन कारकुनांसारखी आपसात सोय लावून घेतली. तो फ्रान्समधल्या मळ्यांत जातो आणि चाखायला बसण्याआधी फोन करतो, "बाबा, जरा वेळ काही खाऊ नका हं." मी चूळ भरून बसतो. मी हल्ली स्वयंपाकाला नावं ठेवत नाही, असं बायको शेजारणींना सांगते. मुलीने नवीन घर बघितलंय.

परवा त्याच्यावर मोठंच काम सोपवलं होतं: मळेवाल्यांबरोबर बसून नव्या मिश्रणाचं प्रमाण ठरवायचं. मी सकाळपासून पाण्यालाही शिवलो नव्हतो. खिडकीशी तोंड मिटून बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, पुरे करा ना आता," तो दबक्या आवाजात म्हणाला. मागे माणसं बोलत होती. "सगळे माझ्यासाठी खोळंबलेत."

"अहो, मी काहीच खात नाहीये."

"खरंच?"

"तुमच्या सासूबाईंची शपथ."

नको असलेलं काहीतरी त्याने कष्टाने गिळल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मग हे कोण खातंय?"